परसबागेत पाणकणीस

बुलढाणा जिल्ह्यातील अनेक गावांना उन्हाळ्यात पाणीटंचाईला तोंड द्यावे लागते. मात्र सायासाने मिळविलेले हेच पाणी आंघोळ व धुणीभांडी होताच गल्लीत सोडून दिले जाते. त्याची डबकी होतात व डासांची पैदास वाढते. शोषखड्डा हा यावरील प्रचलित उपाय होय. परंतु खोल, चिकण काळ्या जमिनीत पाणी फार सावकाश मुरते. अशा ठिकाणी नाल्याकाठी आपोआप वाढणारे पाणकणीस उपयोगी पडते.

वनस्पतीचे कार्य

बाजरीच्या कणसासारखा तपकिरी तुरा आणि तलवारीसारखी लांब पाने ही पाणकणसाची ओळख. काही भागांत त्यास रामबाण असेही म्हणतात. त्याच्या पोकळ ऊतींतून हवा मुळांपर्यंत पोहोचते. मुळांभोवतीचे सूक्ष्मजीव त्या आधारे सांडपाण्यातील घाण कुजवितात. जर्मन संशोधिका केटे झायडेल यांनी १९५० च्या दशकात पाणवनस्पतींवर असे प्रयोग केले. नागपूरच्या ‘नीरी’ संस्थेने विकसित केलेली ‘फायटोरिड’ पद्धती याच तत्त्वावर आधारलेली आहे.

वाफा कसा करावा?

दरडोई ५५ लिटर पाणी धरल्यास पाच जणांच्या कुटुंबाचे सुमारे २०० लिटर सांडपाणी रोज निघते. त्यासाठी ५ मीटर लांब, १ मीटर रुंद व ७० सेंटिमीटर खोल चर पुरेसा होतो. तळाशी व बाजूंना जाड प्लास्टिक अंथरून त्यात ६० सेंटिमीटर खडी भरावी. पाणी आधी लहान टाकीत घेऊन त्यातील गाळ व तेलकटपणा अडवावा. वाफ्याच्या दुसऱ्या टोकाची नळी अशा उंचीवर बसवावी, की पाणी खडीच्या पृष्ठभागाखाली ५ ते १० सेंटिमीटर राहील. पाणी उघडे नसल्याने डासांना अंडी घालण्यास वाव राहत नाही. शौचालयाचे पाणी या वाफ्यात सोडू नये.

पावसाळ्याच्या आरंभी कोंब असलेले कंदाचे तुकडे हातभर अंतरावर लावावेत. बाहेर पडणारे पाणी केळी व फळझाडांस द्यावे. पिण्यासाठी वा कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाज्यांसाठी वापरू नये.

मर्यादा ओळखाव्यात

पाणकणीस कंदांनी झपाट्याने पसरते व त्याचे बी वाऱ्याने दूरवर जाते. यास्तव तुरे पिकण्यापूर्वीच कापावेत. शेततळे, कालवा अथवा गावतलावात त्याची लागवड मुळीच करू नये; तेथे ते पाण्याचा मार्गच अडविते. कंद गावच्या नाल्यातून आणावेत. लोणार सरोवराचा परिसर अभयारण्य असून २०२० मध्ये ते रामसर स्थळ म्हणून घोषित झाले आहे. तेथील एकही रोप उपटता कामा नये.

ग्रामपंचायतीने शाळेच्या हातधुण्याच्या जागेपाशी असा एक वाफा प्रथम करून दाखविल्यास सांडपाण्याचा उपयोग विद्यार्थ्यांना व ग्रामस्थांना प्रत्यक्ष पाहता येईल.