आकडा कुणी घातला?

क्लेमच्या पाहणीला गेलो की पहिला अर्धा तास मी पैशाची गोष्ट काढत नसे. टेप काढायचा, खोल्या मोजायच्या, भिंतीवरची पाण्याची किंवा काजळीची रेघ जमिनीपासून किती उंच आहे ते टिपून घ्यायचं. मग चहा यायचा. चहा आला की पॉलिसीचा कागद उलगडून मी विचारायचो, "ही विम्याची रक्कम कुणी ठरवली?"

सर्वेअर म्हणून पस्तीसेक वर्षं हा प्रश्न विचारला. पाहणी करायला आता गुडघे साथ देत नाहीत, पण उत्तरं सगळी लक्षात आहेत. "एजंटनं", "बँकेनं", "वडिलांच्या वेळेपासून तीच आहे", "मागच्या वर्षीचीच पुढे ओढली". "मी हिशेब करून ठरवली" असं म्हणणारी माणसं एका हाताच्या बोटांवर मोजता येतील. मटक्याचा आकडासुद्धा लोक याहून जास्त विचार करून लावत असत.

मी या धंद्यात आलो 1986 साली. तेव्हा सर्वसाधारण विमा म्हणजे चार सरकारी कंपन्या. 1 जानेवारी 1973 पासून शंभराहून जास्त खासगी कंपन्यांचं राष्ट्रीयीकरण होऊन या चार उरल्या होत्या. आगीच्या विम्याचे दर टॅरिफ समिती ठरवायची. मुंबईत असो की मिरजेत, कुठल्याही कंपनीत जा, दर तोच. दरात घासाघीस करायला वावच नव्हता. मग हप्ता कमी करायचा तर एकच जागा शिल्लक राहायची, ती म्हणजे विम्याची रक्कम. चार लाखांचं घर एक लाखाचं दाखवलं की हप्ता पाव झाला. एजंट खूश, घरमालकही खूश. पॉलिसीच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात सरासरीचं एक कलम असायचं, ते कुणी वाचत नसे.

ते कलम मी पहिल्यांदा समजावून सांगितलं ते पुण्यातल्या एका निवृत्त शिक्षकांना. 1989 चा उन्हाळा होता. स्वयंपाकघरात गॅसनं पेट घेतला, दोन खोल्या काळ्याठिक्कर पडल्या, खिडक्या-दारं गेली, छताचा गिलावा उतरला. नुकसान साठ हजारांचं निघालं. विमा एक लाखाचा होता, कारण 1971 मध्ये बंगली बांधायला तेवढे लागले होते. आता तीच बंगली पुन्हा उभी करायला चार लाख लागले असते. म्हणजे विमा घराच्या पावपट, म्हणून नुकसानभरपाईही पावपट. पंधरा हजार.

गुरुजी शांतपणे म्हणाले, "लाखाचा विमा, साठ हजारांचं नुकसान. मला साठ मिळायला हवेत."

मी म्हटलं, "गुरुजी, विमा तुम्ही रुपयातल्या चार आण्यांचा घेतलात. उरलेल्या बारा आण्यांची जोखीम तुम्ही स्वतःकडे ठेवलीत, असं कंपनी धरते."

"मग आग काय चार आण्यांची लागली होती का?"

याला उत्तर नव्हतं. मी नियमाप्रमाणे पंधरा हजारांचा अहवाल लिहिला, त्यातूनही थोडा घसारा वजा करून. ते गणिताचे शिक्षक होते. त्यांना हिशेब कळला होता, तो पटला मात्र नव्हता. आज मागे वळून पाहताना मला त्यांचं म्हणणं जास्त बरोबर वाटतं. एवढं कडक कलम असलेली वस्तू विकणाऱ्यानं, बांधकामाचा खर्च दर वर्षी वाढतो तेव्हा रक्कमही वाढवा, हे एकदा तरी तोंडानं सांगायला हवं होतं.

मग 30 सप्टेंबर 1993 ची पहाट आली. गणपती विसर्जन करून लोक झोपले होते आणि किल्लारी भूकंपानं हादरलं. तिकडे मला कुणी क्लेमसाठी पाठवलं नाही, कारण दगडमातीच्या त्या घरांना विमाच नव्हता. भूकंपशास्त्राच्या नकाशात तो भाग तेव्हा सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. विमा असता तरी भूकंपाची जोखीम जादा हप्ता भरून कुणी घेतली असती असं वाटत नाही. पुनर्वसनात घरं बांधून मिळाली ती तीन मापांची: 250, 450 आणि 750 चौरस फूट. कुणाला कुठलं माप, हे सातबारावरच्या जमिनीवरून ठरलं. पडलेला वाडा किती खणांचा होता, हा प्रश्न तिथे गैरलागू होता. सरकारला दोष देण्यात अर्थ नाही, हजारो घरं उभी करायची तर कुठलं तरी माप लावावंच लागतं. पण घराचा आकडा आपण घातला नाही तर तो दुसरं कुणी तरी घालतं, आणि त्याच्या सोयीच्या मापानं घालतं, हे तिथून परतलेल्या एका इंजिनिअर मित्राच्या बोलण्यातून मला पहिल्यांदा लख्ख दिसलं.

हे दुसरं कुणी तरी म्हणजे 2000 नंतर बँक झाली. गृहकर्जं सोपी झाली, आणि घराचा विमा कर्जाच्या कागदांबरोबर टाचून येऊ लागला. माझ्या प्रश्नाचं उत्तर आता बहुतेक वेळा एकच असे: "साहेब, कर्ज जेवढं, तेवढी." बँकेच्या बाजूनं हे ठीकच होतं. तिला तिचं कर्ज सुरक्षित करायचं होतं. पण कर्जाच्या रकमेचा आणि बांधकामाच्या खर्चाचा संबंध काय? कुणी वीस टक्के कर्ज घेतं, कुणी ऐंशी. शिवाय कर्ज फिटलं की पॉलिसीही संपून जाई आणि घरमालकाला त्याचा पत्ताही नसे. अनेकांनी तर माझ्यापुढे जो कागद ठेवला, तो घराचा विमा नव्हताच. कर्जदार दगावला तर कर्ज फेडणारा तो आयुर्विमा होता. घर पडून माणूस जिवंत राहिला तर त्या कागदाचा उपयोग शून्य.

26 जुलै 2005 ला सांताक्रूझ वेधशाळेनं चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस नोंदवला. पुढचे दोन महिने मी मुंबईत तळमजल्यावरच्या घरांतून हिंडत होतो. कलिन्याच्या एका घरात भिंती धडधाकट होत्या, स्लॅबला तडाही नव्हता. पण छातीएवढं पाणी रात्रभर राहिल्यानं प्लायवूडचं कपाट फुगून त्याची दारं उघडेनात. फ्रिज आडवा होऊन स्वयंपाकघराच्या दारात अडकला होता. गाद्या पिळल्या की काळं पाणी निघत होतं. पॉलिसी बारा लाखांची, बँकेनं काढलेली. वहिनींनी हौसेनं सगळ्या वस्तूंची बिलं प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवली होती, ती त्यांनी माझ्यापुढे एकेक मांडली. मी पॉलिसी पाहिली. विमा इमारतीचा होता, सामानाच्या रकान्यात काहीच नव्हतं. बारा लाखांतून त्यांच्या वाट्याला आलं ते गिलावा, रंग आणि वायरिंग यांपुरतं, आणि तो चेकही आधी बँकेच्या नावानं.

पुढच्या दशकात चूक उलट्या दिशेनं झाली. टॅरिफ 2007 मध्ये गेलं, दर खाली आले आणि फ्लॅटचे भाव वर गेले. लोक म्हणू लागले, "घर एक कोटीचं आहे, विमा एक कोटीचा हवा." कोटीच्या फ्लॅटमध्ये जागेची किंमत किती आणि विटा-सिमेंटची किती, हे कोण पाहतो? उदाहरणादाखल, 700 चौरस फूट चटई क्षेत्र धरू आणि बांधकामाला फुटाला तीन हजार धरू. हिशेब एकवीस लाखांवर थांबतो. बाकीचे एकोणऐंशी लाख पत्त्याचे, स्टेशन जवळ असल्याचे, बिल्डरच्या नफ्याचे. कोटीचा विमा काढला तरी कंपनी देणार ती घर पुन्हा बांधण्याचा खर्च. जादा हप्ता पाण्यात. जमीन जळत नाही आणि चोरीलाही जात नाही, हे आम्ही लोकांना हसत हसत सांगायचो.

30 जुलै 2014 ला दरड कोसळून माळीण गाव गेलं आणि ते हसू ओसरलं. 22 जुलै 2021 ला तसंच तळीये गेलं. तिथे घराखालची जमीनच उरली नाही. दरड कोसळण्याची जोखीम पॉलिसीत येते, पण भरपाई मिळते ती बांधकामाची. पायाखालची जागा गेली तर तिला कुठलाच आकडा पुरत नाही. घराच्या विम्याची ही मर्यादा कुणी एजंट सांगत नाही, म्हणून इथे सांगतो.

ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीला गेलो. आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी 45 फूट, पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं. मुंबईत पाणी एका दिवसात ओसरलं होतं, इथे ते दिवसेंदिवस घरात बसून राहिलं. त्यामुळे पायाजवळच्या मातीच्या जुन्या भिंती पाणी पिऊन बसल्या आणि ऊन पडल्यावर खचल्या. विमा असलेली घरं फारच थोडी. ज्यांचं पक्कं घर पूर्ण पडलं, त्यांच्यासाठी आपत्ती निवारण निधीच्या तेव्हाच्या निकषात 95,100 रुपये होते. 2022 पासून सपाट प्रदेशासाठी ती रक्कम 1,20,000 झाली. राज्य सरकारं कधी कधी वर भर घालतात. तरीही सरकार देईल या भरवशावर बसणाऱ्यांनी हा आकडा एका खोलीच्या बांधकामाशी ताडून पाहावा.

जुन्या घरांबद्दलचा माझा स्वतःचा गैरसमज निसर्ग वादळानं मोडला. 3 जून 2020 ला ते रायगडच्या किनाऱ्यावर आलं. श्रीवर्धनकडच्या एका घराची कौलं उडाली होती, माडाचा बुंधा पडून सागवानी आढं मधोमध मोडलं होतं, वासे अंगणात विखुरले होते. घर नव्वद वर्षांचं. मालकांनी विमा तीन लाखांचा घेतला होता. मी विचारायच्या आधीच म्हणाले, "जुनं घर हो, त्याची किंमत ती काय? आजोबांनी पाच हजारांत बांधलं." मीही वर्षानुवर्षं असाच विचार करत आलो होतो: जुनं म्हणजे स्वस्त. मग आम्ही दोघं पडवीत बसून भाव काढायला लागलो. तसं सागवान आता मिळतं का, मिळालं तर घनफुटाला काय, तसा सांधा जुळवणारा सुतार कुठे, मंगलोरी कौलं कुठून आणायची. नुसत्या छपराचा खर्च पाच लाखांवर गेला. घर जितकं जुनं, तितकं ते तसंच उभं करणं महाग. मालकांनी वह्या मिटल्या आणि वर पत्रे टाकले. कोकणात त्या वर्षी निळे पत्रे फार दिसू लागले, त्यातल्या काहींमागे हाच हिशेब असणार.

1 एप्रिल 2021 पासून घरांसाठी 'भारत गृह रक्षा' नावाची पॉलिसी सर्व कंपन्यांना विकावी लागते. माझ्या सगळ्या कारकिर्दीत घरमालकाच्या बाजूनं झालेला हा सर्वांत मोठा बदल. चटई क्षेत्र गुणिले बांधकामाचा चालू दर, असा रकमेचा हिशेब तिच्यातच सांगितला आहे. बांधकामाची रक्कम वर्षाला 10 टक्क्यांनी आपोआप वाढते. भूकंप आणि पूर दोन्ही मूळ पॉलिसीत आले. सामानासाठी इमारतीच्या रकमेच्या 20 टक्के, जास्तीत जास्त 10 लाख, वेगळं न मागता मिळतात. कलिन्याच्या वहिनींना हे सोळा वर्षं आधी हवं होतं. आणि ते सरासरीचं कलम घरांपुरतं गेलं. गुरुजी आज असते तर साठ हजारांच्या नुकसानीला त्यांना चार आण्यांचा हिशेब ऐकावा लागला नसता.

अर्थात रक्कम ही कमाल मर्यादा आहेच. घर पूर्ण पडलं तर लिहिलेल्या आकड्याच्या पलीकडे कुणी देत नाही. आतल्या फर्निचरवर आठ-दहा लाख घातलेल्या घरात 20 टक्क्यांचं सामान पुरेलच असं नाही, ते वेगळं नोंदवावं लागतं. नेहमीची घरफोडी या पॉलिसीत येत नाही. चोरी धरतात ती आग-पुरासारख्या घटनेनंतरच्या सात दिवसांतली. दागिन्यांसाठी वेगळा पर्याय घ्यावा लागतो, ठरलेल्या किमतीवर. इथे फसगत सोन्याच्या भावाची होते. 2005 च्या सुमाराला तोळा सात हजारांच्या आसपास होता, 2025 मध्ये तो लाखाच्या वर गेला. मूल्यांकनाच्या जुन्या दाखल्यावर जुनीच किंमत लिहिलेली असते.

राहता राहिली आमची सोसायटी. चोवीस फ्लॅट, तीन मजले, 1994 ची इमारत. आदर्श उपविधींप्रमाणे सोसायटीनं इमारतीचा विमा उतरवायचा असतो आणि त्याची वर्गणी क्षेत्रफळाप्रमाणे घ्यायची असते. उतरवलाही होता, दर वर्षी न चुकता. मी दुसऱ्यांच्या पॉलिस्या तपासत गावोगाव फिरलो आणि माझ्या स्वतःच्या इमारतीची पॉलिसी निवृत्तीनंतर पहिल्यांदा हातात घेतली. रक्कम 85 लाख. सेक्रेटरींना विचारलं, "आकडा कुणी घातला?" म्हणाले, "पहिल्या कमिटीनं. तेव्हा बांधकामाला तेवढेच लागले होते." वीस हजार चौरस फुटांची इमारत, आजच्या दरानं सहा कोटींची.

मागच्या वार्षिक सभेत मी ठराव मांडला: रक्कम सहा कोटी करावी, प्रत्येक फ्लॅटला महिन्याला शंभर रुपयांच्या आत जादा पडतील. एक तास चर्चा झाली, त्यातली चाळीस मिनिटं पार्किंगवर. ठराव मंजूर झाला. विरोधात दोन मतं पडली, दोन्ही तळमजल्यावरची.