शाळेतील पुस्तकांचे कपाट

आमच्या पिढीतील पुष्कळांनी प्राथमिक शाळेचे ग्रंथालय पाहिले ते काचेतून. मुख्याध्यापकांच्या खोलीत, स्पर्धांत मिळालेल्या ढाली आणि थोर पुरुषांच्या तसबिरी यांच्या शेजारी एक लाकडी कपाट असे. त्याला कुलूप असे, आणि किल्ली ज्यांच्यापाशी असे ते गुरुजी नेमके रजेवर असत. वर्षातून एकदा तपासनीस येत, तेव्हा कपाट उघडे. धूळ झटकली जाई आणि नोंदवहीतील आकड्याशी पुस्तकांचा मेळ घातला जाई. तो हटकून बसे, कारण पुस्तक कधी बाहेर गेलेलेच नसे. गुरुजींना दोष देण्यात अर्थ नाही. एखादे पुस्तक हरवले तर त्याची भरपाई आपल्या तुटपुंज्या पगारातून करावी लागेल, हे भय त्यांना असे.

हे सारे आठवण्यास एक निमित्त घडले. आमची नात इंदुरातील ज्या प्राथमिक शाळेत तिसरीत शिकते, तेथून गेल्या पावसाळ्यात एक चिठ्ठी आली. दर शनिवारी वाचनाचा तास असतो, त्यास एखाद्या आजी-आजोबांनी येऊन मुलांस गोष्ट वाचून दाखवावी, असे निमंत्रण होते. शाळा हिंदी माध्यमाची. आम्ही एक हिंदी गोष्ट निवडली, घरी दोनदा मोठ्याने वाचून पाहिली आणि पिशवीत, सहज म्हणून, एक मराठी चित्रपुस्तकही टाकले.

खोली लहानच होती. परंतु कपाट नव्हते. भिंतींना मुलांच्या छातीइतक्या उंचीवर फळ्या ठोकलेल्या होत्या आणि त्यांवर पुस्तके कण्याने नव्हे, तर मुखपृष्ठ समोर येईल अशी मांडलेली होती. ज्याला अजून नीट वाचता येत नाही तो मुलगा चित्र पाहून पुस्तक उचलतो, हे साधे सत्य त्या मांडणीत होते. दरवाज्यापाशी पाचवीतील दोन मुली नोंदवही घेऊन बसल्या होत्या. पुस्तक नेणे, परत घेणे, फाटके पान चिकटवण्यासाठी बाजूला ठेवणे हा सर्व कारभार त्यांच्याकडे. बाई फक्त देखरेख करीत.

आम्ही गोष्ट वाचली. मुले सतरंजीवर सरकत सरकत पुढे आली, एक तर आमच्या गुडघ्यालाच टेकून बसला. येथवर सारे उत्तम चालले होते. मग सवयीने आम्ही विचारले, या गोष्टीपासून कोणता बोध घ्याल? एका क्षणात खोली गप्प झाली. जी मुले मघा कोल्ह्याच्या फजितीवर खदखदून हसत होती, ती आता वर्गातील मुले झाली. बाईंनी पुढे होऊन विचारले, "तुम्ही कोल्ह्याच्या जागी असता तर काय केले असते?" त्यासरशी दहा हात वर आले. तास संपल्यावर बाई आम्हांस अतिशय आदराने म्हणाल्या, "दादाजी, आम्ही येथे तात्पर्य विचारत नाही." ती कानउघाडणीच होती, आणि ती योग्य होती.

त्या तासाची रीत आम्ही नंतर पुढील काही शनिवारी पाहिली. पहिली दहा-पंधरा मिनिटे मोठ्याने वाचन, वाचणारा पुस्तक मुलांकडे वळवून धरतो आणि उत्कंठेच्या जागी थांबून "आता काय होईल?" असे विचारतो. नंतर ज्याने त्याने आपल्या पसंतीचे पुस्तक घेऊन बसायचे. कोणी जोडीने वाचते, कोणी नुसती चित्रे पाहते, त्यास मज्जाव नाही. शेवटी पुस्तके घरी न्यायची. अधूनमधून गोष्टीचे नाटुकले होते, कधी भिंतीवर कागद लावून ज्याला जे पुस्तक आवडले त्याची 'जाहिरात' तो लिहितो. एका मुलाने लिहिले होते : इसमें भूत है, पर अच्छा है। त्या पुस्तकासाठी मग रांग लागली. यांपैकी कशालाही फारसा पैसा लागत नाही. लागतो तो मोठ्या माणसाचा वेळ आणि पुस्तक फाटले तर फाटू देण्याची तयारी.

ही तयारी नवी नाही, हे आम्हां महाराष्ट्राबाहेरील मराठी माणसांनी तरी विसरू नये. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी १९१० मध्ये बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास बोलावून आपल्या संस्थानात मोफत ग्रंथालयांचे जाळे विणावयास घेतले. खेड्यापाड्यांस पुस्तकांच्या फिरत्या पेट्या पाठविल्या जात, आणि बडोद्याच्या मध्यवर्ती ग्रंथालयात मुलांसाठी निराळी खोली होती. भावनगरच्या गिजुभाई बधेकांनी 'दिवास्वप्न' या पुस्तकात एक शिक्षक रंगविला आहे. तो चौथीचा वर्ग हाती घेतो आणि धड्यांऐवजी गोष्टींनी आरंभ करतो. पाठ्यपुस्तकांवर खर्च होणाऱ्या पैशांतून वर्गाचे छोटे ग्रंथालय उभारावे, ही त्याची युक्ती पालकांस अर्थातच पटत नाही. भावनगरात गिजुभाईंच्या सोबतीने काम केलेल्या ताराबाई मोडकांनी हा विचार मराठीत रुजविला. 'दिवास्वप्न' हिंदीत आणले ते माळव्यातील काशिनाथ त्रिवेदी यांनी. ग्रंथालयशास्त्राचे आचार्य रंगनाथन यांनी १९३१ मध्ये जे पाच नियम मांडले, त्यांतील पहिला एवढाच की पुस्तके वापरण्यासाठी असतात. आमच्या लहानपणीच्या त्या कपाटाने हा पहिलाच नियम मोडला होता.

आता कायदाही मुलांच्या बाजूस आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या अनुसूचीत प्रत्येक शाळेत वृत्तपत्रे, मासिके आणि गोष्टींची पुस्तके असलेले ग्रंथालय असावे, असे स्पष्ट म्हटले आहे. 'समग्र शिक्षा' योजनेत २०१८-१९ पासून सरकारी प्राथमिक शाळेस पुस्तकांसाठी वर्षाला पाच हजार रुपयांपर्यंत अनुदानाची सोय झाली. तथापि पुस्तके येणे निराळे आणि वाचली जाणे निराळे. 'असर' या २०२४ च्या पाहणीत ग्रामीण भारतातील पाचवीच्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा उतारा वाचू शकणारी मुले निम्म्याहून किंचित कमीच आढळली. गोव्यातील 'बुकवर्म' ही संस्था २००५ पासून जे काम करीत आहे त्याचे महत्त्व म्हणूनच वाटते. तिची माणसे शाळाशाळांतून जाऊन मुलांस वाचून दाखवितात, पुस्तके हाती देतात आणि पुन्हा येतात. या पुन्हा येण्यातच सारे आहे.

पण आम्हांस सांगावयाचे आहे ते पिशवीतील त्या मराठी पुस्तकाविषयी. तास आटोपल्यावर आम्ही ते नातीच्या हाती दिले. ती घरी मराठी बोलते. आईशी मराठीत भांडते आणि आमच्याशी मराठीत लाडीगोडी करते. परंतु मराठी वाचणे ही काही निराळी विद्या आहे, अशी तिची समजूत होती. लिपी तीच, अक्षरे तीच, हे तिला कोणी सांगितलेच नव्हते. खरे तर आम्हीच सांगितले नव्हते. तिने अडखळत पहिली ओळ वाचली आणि थबकून म्हणाली, "आजोबा, हे तर मला येतंय!" पुढे एका अक्षरापाशी गाडी अडली. तिने वाचले, "काला कावला." शेजारून डोकावणारा एक मुलगा, इंदूरजवळच्या खेड्यातून आलेला, ताबडतोब म्हणाला, "ला नहीं, ळा। हमारे गाँव में भी 'काळो' ही बोलते हैं।" माळवीने तो 'ळ' सांभाळून ठेवला आहे आणि आमच्या घरात तो निसटू लागला आहे, हे त्या मुलाने आम्हांस पाच शब्दांत दाखवून दिले.

मग त्या दोघांचा खेळच सुरू झाला. मराठी 'शिक्षा' म्हणजे दंड, आणि हिंदी 'शिक्षा' म्हणजे शिक्षण. मराठीत 'चेष्टा' म्हणजे थट्टा, हिंदीत प्रयत्न. पुढील शनिवारी बाईंनी अशा शब्दांचा एक तक्ता भिंतीवर लावला. त्या तक्त्याखालील फळीवर आता बाराएक मराठी पुस्तके आहेत. काही आमची, काही दोन-तीन मराठी घरांनी दिलेली. ती निवडताना आम्ही एक चूक केली, ती सांगून टाकतो. प्रथम आम्ही आमच्याच आवडीची जाड, बारीक टाइपाची, पिवळ्या पानांची पुस्तके नेली. त्यांस कोणी हात लावला नाही. मग माधुरी पुरंदरे यांची चित्रपुस्तके आणि नेहरू बाल पुस्तकालयातील मराठी भाषांतरे नेली. त्यांतील कित्येकांच्या हिंदी प्रती शाळेत आधीच होत्या. मुले दोन्ही शेजारी ठेवून वाचू लागली. 'किशोर' मासिकाचे १९७१ पासूनचे जुने अंक बालभारतीने संगणकावर मोफत उपलब्ध केले आहेत. त्यांतील कोडी छापून नेली, तीही खपली.

मोठ्या मुलांसाठी म्हणून 'फास्टर फेणे'ही ठेवला. भा. रा. भागवत यांचा जन्म १९१० मध्ये या इंदुरातच झाला, हे आम्ही पाचवीच्या त्या दोन ग्रंथपाल मुलींस सांगितले. त्यांचा विश्वास बसेना. "हमारे इंदौर में?" असे त्यांनी दोनदा विचारले. त्यांतील एकीच्या घरी मराठीचा गंधही नाही. तिने पुस्तक उलटसुलट पाहिले आणि नोंदवहीत आपलेच नाव लिहून घरी नेले.

ते वेळेवर परत आले नाही. तीन शनिवार गेले. आमच्यातील जुने गुरुजी मनातल्या मनात भरपाईचा हिशोब करू लागले होते. चौथ्या शनिवारी पुस्तक आले. मुखपृष्ठ दुमडलेले, मधल्या एका पानावर चहाचे वर्तुळ. मुलीने मान खाली घालून सांगितले की, शेजारच्या मराठी काकू तिला रोज दोन पाने समजावून देत होत्या, आणि चहा त्यांचाच सांडला. बाईंनी नोंदवही पुढे ओढली, 'परत' असा शेरा मारला आणि विचारले, "पुढचे कोणते नेतेस?"