कांद्याचा एकरी खर्च मोबाइलवर असा मांडा. चाळीतली घट धरली तरच कळेल नफा की तोटा

नाशिक : लासलगाव असो की पिंपळगाव, येवला असो की चांदवड, ट्रॅक्टर रिकामा झाला, हिशोबपट्टी हातात पडली की पैसे दिसतात. पण एका क्विंटलला खर्च किती आला, असं विचारलं तर बरेच जण अंदाजच सांगतात. वहीत नोंदी असतात, बेरीज मात्र राहून जाते. हे काम मोबाइलमधली गुगल शीट्स करते. ॲप मोफत आहे, गुगल खातं लागतं. एमएस-सीआयटी केलेल्या पोरांना यासारखंच एक्सेल माहीत असतं, त्यांची सुरुवातीला मदत घ्यावी.

सुरुवात कशी करायची?

ॲप उघडून अधिकच्या चिन्हावर दाबा आणि नवी शीट घ्या. उभ्या रांगांना ए, बी, सी अशी नावं असतात, आडव्या ओळींना १, २, ३ असे आकडे. पहिल्या ओळीत तारीख, काम आणि रक्कम लिहा. दुसऱ्या ओळीपासून एका ओळीत एकच खर्च टाका.

समजा, एक एकर उन्हाळ कांद्याचा खर्च असा आहे : नांगरट २,५००, रोप १२,०००, लागवड मजुरी १४,०००, खत १३,०००, फवारणी ९,०००, पाणी-वीज ३,०००, काढणी १४,००० आणि वाहतूक ७,५०० रुपये. या आठ रकमा सी२ ते सी९ या चौकटींत बसतात.

आता सी१० मध्ये इंग्रजी कीबोर्डवर आधी = चिन्ह, मग एस-यू-एम ही अक्षरं आणि कंसात सी२:सी९ असं टाका. बेरीज येते ७५,०००. सी११ मध्ये विकलेले क्विंटल लिहा. सी१२ मध्ये =सी१०/सी११ टाकलं की क्विंटलचा खर्च निघतो.

खरी गोम इथेच आहे

शेतातून १०० क्विंटल निघाला, तर खर्च पडतो ७५० रुपये. ८५० चा भाव मिळाला की शंभर रुपये सुटले असं वाटतं. पण चाळीत सड आणि वजनातली घट होऊन प्रत्यक्षात ८० क्विंटलच विकला गेला असेल तर? सी११ मधला आकडा बदला, उत्तर लगेच ९३७.५० होतं. म्हणजे त्याच भावात १०,००० रुपये नफा नाही, तर ७,००० रुपये तोटा. हमाली, तोलाई आणि घरच्या माणसांची मजुरी तर अजून धरलेलीच नाही.

नवशिक्यांची नेहमीची चूक

रकमेपुढे 'रु.' लिहू नका. '१४००० रु.' असं टाकलं की शीट त्याला शब्द समजते आणि बेरजेतून गुपचूप वगळते, चूक दाखवत नाही. एकट्या काढणीच्या रकमेत असं झालं तर बेरीज ६१,००० येईल आणि ८० क्विंटलला खर्च दिसेल फक्त ७६२.५०. तोट्याचा माल नफ्यात दिसेल! ओळखायची खूण सोपी आहे : आकडा चौकटीत उजवीकडे सरकतो, शब्द डावीकडे राहतो. आकडे इंग्रजीच टाकावेत.

नवा खर्च वाढला तर मधे ओळ घाला, ती बेरजेत आपोआप येते. चुकून काही पुसलं गेलं तर वरच्या मागे वळलेल्या बाणावर दाबा. मळ्यात रेंज नसेल तर घरून निघण्याआधी फाइल ऑफलाइन उपलब्ध करून ठेवा. शहरातल्या मुलाला हिशोब दाखवायचा असेल, तर फक्त बघण्याची परवानगी देऊन पाठवा.

खर्च झाला त्याच दिवशी संध्याकाळी नोंद करायची, एवढी सवय लावून घ्या. मग चाळ कधी फोडायची हे ठरवताना क्विंटलचा खरा खर्च समोर असेल.