ठासणीच्या बंदुकीचा नेम

मराठींत ‘नेम’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. लक्ष्यावर धरावयाचा तो एक नेम, आणि कधींहि न चुकतां नित्य पाळावयाचा तो दुसरा. पहिला शिकाऱ्याचा व दुसरा व्रतस्थाचा, असें आपण सामान्यतः समजतों. परंतु ठासणीच्या बंदुकीचा विचार करूं लागलें म्हणजे हे दोन अर्थ एकमेकांपासून फार दूर राहत नाहींत. ज्यानें दुसरा नेम पाळला नाहीं त्याला पहिला साधत नाहीं. आणि त्याच्या आळसाचें प्रायश्चित्त त्याला नव्हे, तर एका मुक्या प्राण्याला भोगावें लागतें.

या बंदुकीचें रहस्य जाणावयाचें तर अमेरिकेंतील पेनसिल्व्हानिया राज्याकडे पाहिलें पाहिजे. अठराव्या शतकांत त्या राज्याच्या लँकॅस्टर भागांत जर्मन व स्विस कारागीर येऊन वसले. मायदेशची आंखूड व जाड नळीची रायफल त्यांनीं नव्या रानाच्या सोयीनें बदलली. नळी लांब केली, गोळी लहान केली, आणि थोड्या शिशांत व थोड्या दारूंत काम भागेल असें हत्यार बनविलें. पुढें ‘केंटकी रायफल’ या नांवानें जी बंदूक प्रसिद्धीस आली, ती मुख्यत्वें पेनसिल्व्हानियांतील या कारागिरांच्या हातची होय.

ज्या रानांत ही बंदूक वाढली तेथील हरणें मात्र एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, बेसुमार शिकारीमुळें व जंगलतोडीमुळें, जवळजवळ नाहींशीं झालीं. शिकारीचें नियमन करणारें सरकारी मंडळ तेथें १८९५ मध्यें स्थापन झालें, आणि १९०६ मध्यें मिशिगनमधून हरणें आणून तेथील जंगलांत सोडावीं लागलीं. कडक नियमांमुळें त्यांची संख्या पुन्हां वाढली, ती इतकी कीं पुढें ती आटोक्यांत ठेवण्यासाठींच मर्यादित शिकारीची गरज भासूं लागली. १९७४ मध्यें त्या राज्यानें चकमकीच्या ठासणीच्या बंदुकीसाठीं शिकारीचा एक स्वतंत्र हंगाम सुरू केला. नाताळ उलटल्यावर, बर्फांतून, ही जुनी बंदूक खांद्यावर टाकून लोक आजहि तेथें हरणामागें जातात.

आपल्या देशाची गोष्ट वेगळी आहे. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा व त्यांत १९९१ सालीं झालेली दुरुस्ती यांनीं येथें हरणाची शिकार हा गुन्हा ठरविला आहे. तेव्हां येथील वाचकांच्या दृष्टीनें हा विषय करून पाहण्याचा नव्हे, समजून घेण्याचा आहे.

प्रथम बंदुकीची रचना पाहूं. चाप ओढतांच घोडा उसळतो. घोड्याच्या जबड्यांत धरलेली गारगोटी पोलादी पट्टीवर घांसली जाते, आणि तिच्या ठिणग्या बाजूच्या लहानशा वाटींतील रंजकीवर पडतात. रंजक म्हणजे अगदीं बारीक दारू. ती भडकते, तिची आंच नळीच्या बारीक छिद्रांतून आंत शिरते, मुख्य दारू पेटते, आणि मग गोळी सुटते. एवढ्या सगळ्या गोष्टी क्षणाच्या अंशांत घडतात. पण तो अंश मनुष्याला जाणवण्याइतका असतो. शिवाय बार एकच. पुन्हां दारू ओतून गोळी ठासावयाची तर सराईत माणसाचाहि अर्धा मिनिट तरी जातो. तेवढ्यांत हरीण टेकडीपलीकडे गेलेलें असतें. चुकलेली गोळी दुसऱ्या गोळीनें सुधारण्याची सोय येथें नाहीं.

म्हणूनच हंगामापूर्वीं बंदुकीचा नेम बसविणें हें शिकाऱ्याचें मुख्य काम होऊन बसतें. नवशिक्याला वाटतें कीं नेम बसविणें म्हणजे नळीवरील खुणा इकडे तिकडे सरकविणें. वास्तविक खुणांना हात लावण्याची पाळी सर्वांत शेवटीं येते. वाण्याचीं वजनेंच रोज निरनिराळीं असतील तर तराजूचा कांटा दुरुस्त करून काय उपयोग? त्याचप्रमाणें दर वेळीं बंदूक निराळ्या रीतीनें भरली जात असेल तर गोळीहि दर वेळीं निराळीकडे जाणार, आणि मग कोणत्या चुकीची दुरुस्ती करावयाची हेंच कळणार नाहीं.

अर्धा इंच व्यासाच्या नळीचें उदाहरण घेऊं. तिच्यांत घालावयाची शिशाची गोळी ०.४९ इंचाची, म्हणजे नळीहून किंचित् लहान असते. तिचें वजन सुमारें १७७ ग्रेन भरतें. आपला जुना तोळा १८० ग्रेनांचा. म्हणजे गोळी जवळजवळ एक तोळ्याची झाली. नळी व गोळी यांमधील फट भरून काढण्यासाठीं घट्ट विणीच्या सुती कापडाची चकती तेलकट करून गोळीभोंवतीं घेतात. नळीच्या आंत मळसूत्री चर असतात. ही चकती त्यांत रुतते आणि गोळीला फिरकी देते. दारू ७० ते ९० ग्रेन, म्हणजे फार तर अर्धा तोळा, लागते.

या चारहि गोष्टींत सारखेपणा पाहिजे. दारू नेहमीं एकाच मापानें, एकाच रीतीनें भरून घ्यावी. ती शिंगांतून थेट नळींत कधींहि ओतूं नये. आधींच्या बाराची एखादी ठिणगी आंत राहिली असेल तर शिंगच हातांत फुटावयाचें. दारूहि काळीच पाहिजे, किंवा तिच्या जागीं वापरण्यासाठींच केलेली. आधुनिक काडतुसांतील निर्धूर दारू या नळींत घालणें म्हणजे नळी फोडून घेणें होय. गोळी गजानें दारूवर नीट टेकेपर्यंत ठासावी. मध्यें पोकळी राहिली तर तीहि नळीस धोक्याची. म्हणून जाणता शिकारी बंदूक बरोबर भरली असतां गजावर नळीच्या तोंडाशीं एक खूण करून ठेवतो. प्रत्येक वेळीं ती खूण त्याच जागीं आली म्हणजे आंत सर्व ठीक आहे असें तो समजतो.

काळ्या दारूचा आणखी एक दोष आहे. ती जळली तरी तिच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग घनरूपानें मागें राहतो. त्याचें कीट नळींत सांचतें, हवेंतील ओल शोषतें, आणि पुढची गोळी आदल्या गोळीपेक्षां अधिक जोर लावून ठासावी लागते. जोर बदलला कीं गोळीची वाटहि बदलते. यावर उपाय साधाच आहे. प्रत्येक बारानंतर ओलसर व मग कोरड्या चिंधीनें नळी पुसून घ्यावी. तसेंच बार झाल्यावर पुढें कांहीं यार्डांवर पडलेली चकती उचलून पाहावी. ती मध्यें जळली असेल तर कापड पातळ आहे, तेल कमी आहे किंवा दारू जास्त आहे. कडेनें कापली गेली असेल तर नळीचे चर किंवा तोंड फार धारदार आहे. नळीच्या आंत काय घडलें याची साक्ष देणारा हा एवढाच एक साक्षीदार असतो.

इतकी शिस्त अंगीं बाणल्यावर निशाणाकडे वळावें. आरंभ २५ यार्डांपासून करतात, कारण तेथें गोळी निदान कागदावर तरी लागते. बंदूक टेबलावर वाळूच्या पिशवीवर टेकवितात. पण टेकू नळीच्या टोंकाखालीं न देतां, हात जेथें धरतो तेथें दस्त्याच्या लांकडाखालीं द्यावा. तीन बार काढावे, आणि तिन्ही भोंकांचा मध्य कोठें पडतो तें पाहावें. एकाच भोंकावरून खुणा सरकविणें ही नवशिक्याची नेहमींची चूक आहे. तिन्ही भोंकें जवळजवळ पडलीं, पण मध्यापासून दूर पडलीं, तर दोष खुणांचा. तीं दूरदूर विखुरलीं तर दोष भरणाऱ्याचा किंवा धरणाऱ्याचा. तो खुणा सरकवून जात नाहीं.

नळीवर दोन खुणा असतात. डोळ्याजवळ एक खांच, आणि नळीच्या तोंडाशीं एक बारीक उंचवटा, ज्यास माशी म्हणतात. खांचेच्या मध्यावर माशीचा माथा आणून तो लक्ष्यावर ठेवला म्हणजे नेम धरला. गोळी ज्या बाजूस न्यावयाची त्या बाजूस खांच सरकवावी; माशी मात्र उलट बाजूस सरकवावी. हा नियम पाठ नसला तर प्रत्येक दुरुस्तीनें चूक दुप्पट होते. या जुन्या पद्धतीच्या बंदुकींत खुणा पितळेच्या किंवा लांकडाच्या तुकड्यानें हलके ठोकून सरकवाव्या लागतात.

गोळी खालीं लागत असेल तर माशी कानशीनें घांसून ठेंगणी करतात. माशी ठेंगणी झाली कीं ती लक्ष्यावर आणण्यासाठीं नळीचें तोंड किंचित् वर जातें, आणि गोळी वर लागते. किती घांसावयाची याचें गणित शाळकरी मुलासहि करतां येईल. समजा, खांच व माशी यांत ३० इंचांचें अंतर आहे आणि निशाण ५० यार्डांवर, म्हणजे १८०० इंचांवर आहे. १८०० ला ३० नें भागलें असतां ६० येतात. अर्थात् गोळी २ इंच खालीं लागत असेल तर माशी २ इंचांचा साठावा भाग, म्हणजे इंचाचा तिसावा भाग घांसली पाहिजे. हें माप एक मिलिमीटरहूनहि कमी आहे. घांसलेलें लोखंड परत येत नाहीं. म्हणून हिशेबाच्या निम्मेंच घांसावें, तीन बार काढावे, आणि मग पुन्हां कानस हातीं घ्यावी.

आतां अंतराचा प्रश्न. वाटोळी गोळी नळींतून सेकंदास सुमारें १८०० फूट वेगानें निघते, पण वारा कापण्यास तिचा आकार सोईचा नाहीं. १०० यार्डांवर पोंचेपर्यंत तिचा वेग पांच भागांपैकीं दोन भागांनीं कमी होतो. आघाताची शक्ति वेगाच्या वर्गाप्रमाणें बदलत असल्यामुळें ती तर एकतृतीयांशाच्या आसपासच उरते. ७५ यार्डांवर नेम बसविला तर ५० यार्डांवर गोळी सुमारें एक इंच वर, १०० यार्डांवर अडीच ते तीन इंच खालीं, आणि १२५ यार्डांवर सुमारें सात इंच खालीं लागते. पहिल्या ७५ यार्डांत तिची वाट जवळजवळ सरळ; पुढें मात्र ती झपाट्यानें खालीं येते.

हे आंकडे कागदावर निरुपद्रवी दिसतात. परंतु पांढऱ्या शेपटीच्या हरणाचें हृदय व फुप्फुसें जेथें असतात ती जागा सुमारें आठ इंच व्यासाची असते. तीमध्यें गोळी लागली तर जनावर थोडें धांवून कोसळतें. तीच गोळी चार-सहा इंच मागें, पोटांत लागली, तर हरीण शेपटी दाबून निघून जातें, पुष्कळदां रक्ताचा मागहि नीट राहत नाहीं, आणि तें कोठेंतरी झुडपांत तासन् तास तळमळून मरतें. शिकाऱ्याच्या हातीं तें येत नाहीं. त्याचा जीव मात्र फुकट जातो.

म्हणून टेबलावरून नेम बसला म्हणजे काम संपलें असें जाणता शिकारी मानीत नाहीं. यापुढची परीक्षा बंदुकीची नसून त्याची स्वतःची असते. तो आठ इंचांची कागदी ताटली निशाणाच्या जागीं लावतो, आणि रानांत उभें राहावें लागेल तसा उभा राहून, टेकूवांचून, पांच बार काढतो. २५ यार्डांवर पांचहि लागले तर ४० यार्डांवर जातो. तेथें साधले तर ५० वर. जेथें पांचांतील एक जरी ताटलीबाहेर गेला, तेथें तो थांबतो, आणि त्याच्या अलीकडचें अंतर हीच आपली मर्यादा असें ठरवितो. बंदूक शंभर यार्डांची असेल, पण माणूस पन्नासाचा असूं शकतो.

चकमकीच्या बंदुकींत हा फरक विशेष पडतो. डोळ्यासमोर वीतभर अंतरावर रंजक भडकते, आणि गोळी सुटण्यापूर्वींच माणूस दचकतो. हा दचका जाण्यासाठीं गारगोटीच्या जागीं लांकडाचा तुकडा बसवून, रिकाम्या बंदुकीचा चाप ओढण्याचा सराव करतात. घोडा पडल्यावरहि माशी लक्ष्यावरून हलतां कामा नये, एवढेंच त्यांत शिकावयाचें असतें. आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. रानांत पहिला बार थंड व स्वच्छ नळींतूनच सुटतो. म्हणून तेल नीट पुसून काढलेल्या थंड नळीचा पहिला बार कोठें लागतो, हें निरनिराळ्या दिवशीं पाहून टिपून ठेवावें लागतें. हरणासाठीं खरा बार तोच; त्यापुढचे सर्व कागदासाठीं.

अशा रीतीनें तयारी केलेला शिकारी डिसेंबरच्या अखेरीस बर्फांत उभा असतो. समजा, ९० यार्डांवर एक हरीण झाडींतून बाहेर येतें आणि आडवें उभें राहतें. त्याची मर्यादा ५० यार्डांची आहे. तो माशी हरणावर धरतो, आणि बंदूक खालीं घेतो. हरीण पांढरी शेपूट उंचावून निघून जातें. संध्याकाळीं वाटींतली रंजक पुसून तो रिकाम्या हातानें घरीं येतो. पाहणाऱ्यास वाटेल कीं त्याचा सारा खटाटोप वायां गेला. वस्तुतः तो त्या एका क्षणासाठींच केलेला होता. गोळी कोठें लागेल हें ज्याला खात्रीनें ठाऊक आहे, त्यालाच ती केव्हां सोडूं नये हें ठाऊक असतें. आणि नेमाचे दोन्ही अर्थ त्याच्याच ठिकाणीं एक होतात.