पिकॅडिली रेडिओ

पिकॅडिली रेडिओ हे इंग्लंडमधील मँचेस्टर शहर व त्याच्या परिसरासाठी २ एप्रिल १९७४ रोजी सुरू झालेले व्यापारी नभोवाणी केंद्र होय. त्याची एफएम वाहिनी १९८८ पासून ‘की १०३’ आणि ४ जून २०१८ पासून ‘हिट्स रेडिओ’ या नावाने ओळखली जाऊ लागली. एका शहराची सेवा करण्याच्या अटीवर परवाना मिळालेले हे केंद्र कालांतराने देशव्यापी वाहिनीचा गाभा बनले. त्यामुळे ब्रिटनमधील स्थानिक नभोवाणीच्या उदयाचा आणि संकोचाचा अभ्यास करताना त्याचा इतिहास विशेष उपयोगी पडतो.

केंद्राचे नाव मँचेस्टरच्या मध्यवर्ती पिकॅडिली भागावरून घेतले आहे. लंडनमधील त्याच नावाच्या प्रसिद्ध रस्त्याशी त्याचा संबंध नाही. पहिले स्टुडिओ याच भागातील पिकॅडिली प्लाझा या इमारत-संकुलात होते.

पार्श्वभूमी

१९७३ पर्यंत ब्रिटनच्या मुख्य भूमीवर नभोवाणी प्रक्षेपणाचा कायदेशीर अधिकार केवळ बीबीसीकडे होता. तरुण श्रोत्यांना हवे असलेले पॉप संगीत १९६०च्या दशकात समुद्रात नांगरलेल्या जहाजांवरून विनापरवाना प्रक्षेपित होत असे. १९६७च्या कायद्याने यांतील बहुतेक केंद्रे बंद पडली. त्यांपैकी ‘रेडिओ लंडन’ या केंद्राचे प्रमुख फिलिप बर्च हे पुढे पिकॅडिली रेडिओचे व्यवस्थापकीय संचालक झाले. जहाजावरच्या नभोवाणीचा अनुभव अशा रीतीने कायदेशीर चौकटीत आला.

१९७२च्या कायद्यानुसार जाहिरातींच्या उत्पन्नावर चालणाऱ्या स्थानिक केंद्रांना परवानगी मिळाली. ऑक्टोबर १९७३ मध्ये लंडनमध्ये एलबीसी आणि कॅपिटल रेडिओ सुरू झाले. त्यांच्यामागून ग्लासगोचे रेडिओ क्लाइड, बर्मिंगहॅमचे बीआरएमबी आणि मग मँचेस्टरचे पिकॅडिली आले. ‘इंडिपेंडंट ब्रॉडकास्टिंग ऑथॉरिटी’ या प्राधिकरणाचा केंद्रांवर कडक अंकुश होता. प्रक्षेपकांची मालकी प्राधिकरणाकडे असे व केंद्रे त्यांचे भाडे भरत. स्थानिक बातम्या देणे बंधनकारक होते. उत्पन्नाचा काही भाग वादकांकडून प्रत्यक्ष संगीत सादर करवून घेण्यावर खर्च करावा लागे.

सर्वांत जाचक बंधन ध्वनिमुद्रिका वाजवण्याच्या वेळेचे होते. ध्वनिमुद्रिकांमुळे वादकांचे काम जाईल या भीतीपोटी, ध्वनिमुद्रण कंपन्यांशी झालेल्या करारानुसार केंद्राला दिवसाला साधारण नऊ तासच ध्वनिमुद्रिका वाजवता येत. उरलेला वेळ कशाने तरी भरणे भाग होते. फोनवरून श्रोत्यांशी गप्पा, शहरातील घडामोडी, फुटबॉल सामन्यांच्या बातम्या आणि स्थानिक वाद्यवृंद यांनी तो भरला गेला. केंद्रांना ही अट नकोशी होती. तथापि पिकॅडिलीला मँचेस्टरचा म्हणून जो आवाज लाभला, त्यात या अटीचा वाटा थोडा नाही.

पहिली चौदा वर्षे

प्रक्षेपणाचा प्रारंभ निवेदक रॉजर डे यांनी केला. पहिले गाणे ‘द बीच बॉइज’ या अमेरिकी गटाचे ‘गुड व्हायब्रेशन्स’ हे होते. मध्यम लहरींवर २६१ मीटर आणि एफएमवर ९७.० मेगाहर्ट्झ अशा दोन्ही ठिकाणी एकच कार्यक्रम ऐकू येई. एफएमची वारंवारता पुढे १०३.० झाली.

पुढे देशभर नावारूपाला आलेले अनेक निवेदक या केंद्रात घडले. अँडी पीबल्स, गॅरी डेव्हिस, टिमी मॅलेट, मार्क रॅडक्लिफ ही त्यांतील काही नावे. ख्रिस इव्हान्स यांची कारकीर्द मॅलेट यांच्या कार्यक्रमातील मदतनीस म्हणून सुरू झाली. रात्री उशिरा जेम्स स्टॅनेज श्रोत्यांशी फोनवर रोखठोक वाद घालत.

संध्याकाळच्या विशेष कार्यक्रमांचे महत्त्व याहून अधिक आहे. माइक शाफ्ट यांच्या सोल संगीताच्या कार्यक्रमासाठी ग्रेग विल्सन यांनी १९८२ पासून गाणी एकमेकांत मिसळून तयार केलेली ध्वनिमुद्रणे दिली. नंतर स्टू ॲलन यांनी हिप-हॉप आणि हाउस हे प्रकार श्रोत्यांपर्यंत नेले. हे कार्यक्रम घरोघरी कॅसेटवर उतरवून घेतले जात. नृत्यसंगीताचे शहर ही मँचेस्टरची ओळख सांगताना बहुधा ‘हासिएंडा’ या क्लबचेच नाव घेतले जाते. पण ज्यांचे वय क्लबात प्रवेश मिळण्याजोगे नव्हते, त्यांच्यापर्यंत हे संगीत नभोवाणीवरूनच पोचले.

विभाजन

दोन वारंवारतांवर एकच कार्यक्रम देणे ही उधळपट्टी आहे, अशी सरकारची भूमिका १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात झाली. स्वतंत्र कार्यक्रम द्या, नाहीतर एक वारंवारता सोडा, असा त्याचा अर्थ होता. त्यानुसार ३ सप्टेंबर १९८८ रोजी एफएमवर ‘की १०३’ सुरू झाले आणि पिकॅडिली हे नाव मध्यम लहरींवर राहिले. तरुण श्रोते व नवी गाणी एकीकडे, प्रौढ श्रोते व जुनी गाणी दुसरीकडे अशी वाटणी झाली. त्याच वर्षी मक्तेदारी आयोगाने ध्वनिमुद्रिकांच्या वेळेवरील मर्यादा काढण्याची शिफारस केली. ती मर्यादा सरल्यावर दिवसभर गाणीच वाजवता येऊ लागली आणि बोलण्याचा वाटा घटत गेला.

मालकी आणि नामांतर

१९९४ मध्ये एमॅप आणि २००८ मध्ये बाउअर या प्रकाशन समूहांकडे केंद्राची मालकी गेली. या समूहांकडे लिव्हरपूल, शेफिल्ड, न्यूकॅसल येथील केंद्रेही होती. एकच निवेदक अनेक शहरांत ऐकवायचा आणि प्रत्येक प्रक्षेपकावर जाहिराती, बातम्या व केंद्राचे नाव मात्र वेगळे लावायचे, ही पद्धत संगणकामुळे सोपी झाली. खर्चात होणारी बचत उघड होती.

२०१८ मध्ये ‘की १०३’ हे नाव जाऊन ‘हिट्स रेडिओ’ आले आणि मँचेस्टरमधून निघणारी ही वाहिनी डिजिटल नभोवाणीवर देशभर ऐकू येऊ लागली. त्याच वर्षी ऑफकॉम या नियामक संस्थेने स्थानिक कार्यक्रमांची किमान मर्यादा कामाच्या दिवशी सात तासांवरून तीन तासांवर आणली. मध्यम लहरींवरील वाहिनी २०१९ मध्ये ‘ग्रेटेस्ट हिट्स रेडिओ’त विलीन झाली. एप्रिल २०२४ मध्ये शेफिल्डचे हॅलम एफएम, न्यूकॅसलचे मेट्रो रेडिओ आणि लिव्हरपूलचे रेडिओ सिटी यांनीही आपली जुनी नावे सोडून ‘हिट्स रेडिओ’ हे नाव घेतले.

२०२४च्या माध्यम कायद्याने स्थानिक कार्यक्रमांच्या तासांची अट रद्द केली. स्थानिक बातम्यांची अट कायम ठेवली. जून २०२५ मध्ये इंग्लंड व वेल्समधील हिट्स रेडिओ केंद्रांवरील सकाळचे स्थानिक कार्यक्रम बंद होऊन त्यांच्या जागी सर्वांसाठी एकच कार्यक्रम आला.