कोंड्याची पुरचुंडी

तुकतुकीत जपानी कांतीच्या नावानं हल्ली महागड्या बाटल्या खपतात. आमच्या लोट्यात कारखान्यावर जाणाऱ्या मुलीही पगारातून त्या घेतात. त्यांच्यासाठी हे थोडंसं.

माझे मामू बोटीवर खलाशी होते. कोबे बंदर त्यांच्या फार जिवाचं. जपानमधली पहिली मशीद तिथं १९३५ साली उघडली. तिथली जुम्म्याची नमाज, तिथल्या स्वच्छ गल्ल्या, सांगताना ते थकत नसत. 'नुकाबुकुरो' हा शब्दही त्यांनीच आणला. नुका म्हणजे तांदळाचा कोंडा, फुकुरो म्हणजे पिशवी. जोडशब्दात फुकुरोचा बुकुरो होतो.

आपल्या खेड तालुक्यात भाताच्या गिरणीवरून हाच कोंडा गुरांसाठी नेतात. त्यातला बारीक कोंडा चाळून चार चमचे मऊ सुती फडक्यात बांधा, कोमट पाण्यात भिजवून पिळा. दुधासारखं पाणी सुटतं. पुरचुंडी चेहऱ्यावरून हलकेच फिरवा, घासू नका. कोंड्यात तेल असतं, त्यामुळे साबणानं ओढते तशी त्वचा ओढत नाही. त्याच तेलामुळे कोंडा लवकर खवटही होतो. तेव्हा ताजाच घ्या, पुरचुंडी रोज नवी करा. आधी कोपराच्या आतल्या बाजूस लावून पाहा. टाचांच्या भेगांना आपलं कोकमतेल आहेच.

यानं गोरेपण येत नाही. (मामूही सावळेच राहिले.) जपानमध्ये १९०७ साली बुरशीतून मिळालेलं कोजिक आम्ल डाग फिके करतं, पण ते डॉक्टरांना विचारूनच लावावं. आणि उन्हात छत्री घ्या. जपानी बायकाही घेतात.