बाभळीच्या लाकडाचा कोश

यिर्मया संदेष्ट्याच्या ग्रंथात, तिसऱ्या अध्यायाच्या सोळाव्या वचनात, एक विधान असे येते की ते ऐकून त्या काळच्या श्रद्धाळू इस्राएली माणसाच्या अंगावर काटाच उभा राहिला असेल. ज्या कराराच्या कोशापुढे यार्देन नदीचे पाणी थबकले, जो खांद्यावर घेऊन प्रदक्षिणा घातल्या तेव्हा यरीहोचा तट कोसळला, ज्याला नुसता हात लावल्याबद्दल उज्जा जागच्या जागी गतप्राण झाला आणि ज्याच्यासाठी शलमोन राजाने सात वर्षे खपून मंदिर उभारले, त्या कोशाविषयी हा संदेष्टा सांगतो की, पुढे असे दिवस येतील जेव्हा लोक त्याचे नाव काढणार नाहीत, तो नाही म्हणून हळहळणार नाहीत आणि दुसरा कोश घडविण्याच्या खटपटीतही पडणार नाहीत. हरवलेल्या पवित्र वस्तूंविषयी जगात जे वाङ्मय आहे, त्यात बहुधा ती वस्तू कधी ना कधी सापडेल असे आश्वासन असते. ती न सापडली तरी काही अडणार नाही असे आधीच सांगून मोकळा होणारा हा यिर्मया मला गेली कित्येक वर्षे स्वस्थ बसू देत नाही.

कऱ्हा आणि नीरेच्या मुलखातल्या माणसाला हा नाद कसा लागला, असे मित्र विचारतात. उत्तर सोपे आहे. आमच्यापासून फार दूर नसलेल्या केडगावी पंडिता रमाबाईंनी 1898 साली मुक्तिसदनाची प्रतिष्ठापना केली आणि आयुष्याची अखेरची वर्षे मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर करण्यात वेचली. 1922 च्या एप्रिलात त्या निवर्तल्या. सबंध ग्रंथ 1924 मध्ये बाहेर पडला. त्याचे खिळे जुळविण्याचे काम सदनातल्याच मुली-स्त्रियांनी केले होते. दुष्काळाने आणि वैधव्याने ज्यांना घराबाहेर काढले त्या स्त्रियांच्या बोटांखालून यिर्मयाचा विलाप एकेका अक्षराने सरकत गेला, हे मनात आणून मी केडगावचा तो परिसर पाहिला, तेव्हापासून हा विषय सुटलाच नाही. बारामतीत मोरोपंतांनी अष्टोत्तरशत रामायणे रचली. एकाच कथेला नाना परींनी वळसे घालण्याची ही सवय आमच्या पाण्यातच असावी.

आता पूर्वपीठिका, थोडक्यात. मिसर देशातून सुटलेल्या इस्राएल लोकांना सीनाय पर्वतापाशी दहा आज्ञांच्या दोन शिलापाट्या मिळाल्या व त्या ठेवण्यासाठी बसालेल नावाच्या कारागिराने कोश घडविला. तो अरण्यात भटकला, शिलो येथे राहिला, पलिष्ट्यांनी लढाईत जिंकून नेला, त्यांना तो पचला नाही म्हणून त्यांनी दुभत्या गायी जुंपलेल्या नव्या गाडीवर घालून परत धाडला, दाविदाने तो यरुशलेमात आणला आणि शलमोनाने परमपवित्रस्थानात ठेवला. ख्रिस्तपूर्व 586 च्या सुमारास बाबेलच्या नबुखद्नेस्सराने मंदिर जाळले. लुटीची यादी शास्त्रात दिली आहे; पितळेचे खांब आणि धूपपात्रेसुद्धा तीत आहेत. कोशाचे नाव नाही.

परंतु माझा जीव अडकला आहे तो या कोशाच्या लाकडात. निर्गमाच्या पंचविसाव्या अध्यायात त्याचे माप दिले आहे: लांबी अडीच हात, रुंदी व उंची दीड-दीड हात. हात म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतचे अंतर धरले तर सुमारे पावणेचार फूट लांब आणि सव्वादोन फूट रुंद-उंच अशी पेटी होते, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मध्यम आकाराच्या पेटाऱ्याएवढी. आणि लाकूड बाभळीचे! देवदार नव्हे, चंदन नव्हे. बांधावर, ओढ्याकाठी आपसूक उगवणारी, शेळ्यांनी ओरबाडलेली, काट्यांची बाभूळ. सीनायच्या रखरखाटात दुसरे कामाचे लाकूड फारसे नव्हते, हे खरे. तिकडची जात आपल्या देशी बाभळीची चुलत बहीण. आज आपल्या रस्त्यांच्या कडेला माजलेली वेडी बाभूळ मात्र परदेशातून आलेली, तिचा या गोत्राशी घरोबा नाही.

इंदापूरच्या पूर्वेकडील एका गावात, उसाचे पाणी जिथे उशिरा पोहोचले अशा भागात, बैलगाड्यांच्या अमदानीचा अनुभव गाठीशी असलेले एक वृद्ध सुतार होते. त्यांच्या मेटावर बसून मी त्यांना हे माप वाचून दाखविले. बाभळीचा ओंडका आधी पाण्यात मुरवून घ्यावा म्हणजे भुंगा लागत नाही, बाहेरचे पांढरे सगळे तासून टाकावे, आतला तांबूस गाभा तेवढा कामाचा, तोही ओलसर आहे तोवर वाकसाखाली घ्यावा, कारण एकदा वाळला की पटाशीची धार बोथट करतो, हे सारे त्यांनी मला लाकडावर अंगठा फिरवीत समजावून सांगितले. चाकाचा तुंबा आणि आरे बाभळीचेच का, तर वर्षानुवर्षे दगडावर आपटूनही ती फाटत नाही. उचलायचे दांडे करायचे तर साधी बाभूळ नको, सरळसोट वाढणारी रामकाठी पाहावी, असेही ते म्हणाले. मग पेटी आतून-बाहेरून शुद्ध सोन्याने मढवायची आज्ञा आहे असे मी सांगताच त्यांनी वाकस खाली ठेवला आणि विचारले, “अहो, लाकूड दिसणारच नाही, तर मग ते घालायचं कशाला?”

या प्रश्नावर ज्ञानी लोकांनी पुष्कळ शाई खर्चिली आहे. तालमुदात एक मत असे नमूद आहे की बसालेलाने तीन पेट्या केल्या, सोन्याची एक, तिच्यात बसणारी लाकडाची दुसरी, आणि तिच्या आत पुन्हा सोन्याची तिसरी. शास्त्राचे प्राचीन ग्रीक भाषांतर करणाऱ्यांनी या लाकडाला न कुजणारे असे विशेषण दिले, त्यावरून आरंभीच्या ख्रिस्ती आचार्यांनी त्यात ख्रिस्ताच्या अविनाशी देहाचे चिन्ह पाहिले. दोन्ही अर्थ रमणीय आहेत. पण सुताराला मी दिलेले उत्तर अधिक गद्य होते, आणि मला अजूनही तेच पटते. सबंध सोन्याची पेटी ओतली असती तर ती उचलली गेली नसती. लाकूड घातले, कारण हा देव चालणारा होता.

म्हणूनच कोशाच्या दांड्यांविषयी एक आज्ञा आहे, जिच्याकडे कोणी फारसे लक्ष देत नाही: ते कड्यांतून कधीही काढू नयेत. शलमोनाने कोश कायमच्या मंदिरात ठेवल्यावरही ते तसेच राहिले, आणि इतके लांब होते की त्यांची टोके बाहेरच्या पवित्रस्थानातून दिसत. सुतार-गवंड्यांनी, राजाने आणि याजकांनी मिळून ज्याला स्थानबद्ध केले, तो अजून निघण्याच्या तयारीत आहे, याची ती टोके रोज साक्ष देत असणार.

बारामती-इंदापूरकरांना यात उमजायला कठीण काहीच नाही. 1685 मध्ये नारायण महाराजांनी तुकोबारायांच्या पादुका पालखीत ठेवून पंढरीची वाट धरली, तेव्हापासून तो सोहळा आमच्या दोन्ही तालुक्यांतून जातो. काटेवाडीत परीट मंडळी धोतरांच्या पायघड्या घालतात, मेंढ्या पालखीभोवती रिंगण धरतात, पुढे बेलवाडीला आणि इंदापूरला अश्व धावतो. पालखीत काय असते? तुकोबा नसतात, त्यांच्या पावलांची खूण असते. कोशाच्या झाकणाला दयासन म्हणत; त्यावर पंख पसरलेले दोन सोनेरी करूब समोरासमोर होते आणि त्यांच्या मधोमध, जिथे इतर राष्ट्रांनी मूर्ती बसविली असती, तिथे काहीच नव्हते. इस्राएलाच्या काव्यात आणि इतिहासात या कोशाला देवाचे पादपीठ म्हटले आहे. लेवी कुळातल्या सेवेकऱ्यांनी तो खांद्यावरच वाहायचा होता. उज्जाच्या दुर्दैवी प्रसंगी तो गाडीवर घातला होता, बैल अडखळले, आणि दुसऱ्या खेपेस दाविदाने तो खांद्यावर आणविला.

हे मनात ठेवून यिर्मयाकडे परत यावे. हा माणूस अनाथोथ गावच्या याजक घराण्यातला. आता अनाथोथ हे कोणते गाव? शलमोनाने अब्याथार नावाच्या याजकाला पदच्युत करून जिथे हद्दपार केले ते. आणि त्याचा शिरच्छेद न करण्याचे कारण राजाने स्वतःच नोंदविले आहे की, त्याने दाविदापुढे परमेश्वराचा कोश वाहिला होता. अब्याथार शिलोच्या एली याजकाच्या वंशातला, म्हणजे कोश ज्यांच्या ताब्यातून पलिष्ट्यांच्या हाती गेला त्या घराण्याचा. यिर्मया थेट याच कुळातला असे शास्त्र म्हणत नाही. पण त्या चिमुकल्या गावात याजकांच्या घरी वाढलेल्या पोराने कोश गमावल्याची कथा पाळण्यातच ऐकली नसेल, हे मला अशक्य वाटते. मंदिर आहे तोवर आपल्याला भय नाही असे म्हणणाऱ्या यरुशलेमकरांना तो ठणकावतो की शिलोला जाऊन पाहा, तिथे काय उरले आहे! कोश वाहणाऱ्यांच्या गावचा माणूस कोशावाचून चालेल असे म्हणतो, तेव्हा तो परक्याचा टवाळपणा नसतो. कोशाविषयीच्या त्या वचनापाठोपाठ तो म्हणतो की सारे यरुशलेमच परमेश्वराचे सिंहासन होईल. आणि एकतिसाव्या अध्यायात तो नव्या कराराची ग्वाही देतो, ज्याचे नियम शिलापाटीवर नसून माणसांच्या हृदयावर लिहिले जातील. पाटी हृदयात गेली की पेटीचे प्रयोजन संपले. काही अभ्यासक तिसऱ्या अध्यायातले कोशाविषयीचे वचन मंदिर जळाल्यानंतर कोणी घातले असे मानतात. माझा कौल दुसरीकडे आहे. त्या अध्यायात योशीया राजाच्या कारकिर्दीचा उल्लेख आहे आणि योशीयाच्या अठराव्या वर्षी कोश अस्तित्वात होता असे इतिहासाच्या ग्रंथावरून दिसते. वस्तू डोळ्यांसमोर असताना ती विसरली जाईल असे म्हणण्यात जे धाडस आहे, ते यिर्मयालाच शोभते.

दुसरा साक्षीदार यहेज्केल संदेष्टा. बंदिवासाच्या पंचविसाव्या वर्षी त्याला नव्या मंदिराचा दृष्टान्त झाला, त्यात हाती मोजणीची काठी घेतलेला एक पुरुष त्याला दारोदार फिरवून मापे सांगतो. इंदापूरच्या वाचकाने हे अध्याय जरूर वाचावेत. 1836 साली गोल्डस्मिड आणि विंगेट या अंमलदारांनी आमच्या तालुक्यात शेतवार मोजणी व प्रतवारी करून तीस वर्षांचा बंदोबस्त बसविला आणि पुढे मुंबई इलाख्याची जमाबंदी त्याच नमुन्यावर उभी राहिली. तेव्हा मोजणीखात्याच्या कागदांत काय आहे याइतकेच काय नाही हेही पाहावे, हे आम्हाला शिकवावे लागत नाही. यहेज्केलाच्या मोजणीत दरवाजे, ओवऱ्या, यज्ञाच्या मेजांची लांबी-रुंदी, स्वयंपाकाच्या चुलीसुद्धा आहेत. कोश नाही. तरीही परमेश्वराचे तेज पूर्वेकडून परत येते आणि हीच माझ्या तळपायांची जागा असे सांगते. पादपीठ गेले, पावले आली. याच यहेज्केलाने आरंभी बाबेलात, खबार नदीच्या काठी, चाकांवर चालणारे सिंहासन पाहिले होते. न काढलेल्या दांड्यांचा अर्थ त्या चाकांत मला दिसतो.

शोध घेणाऱ्यांच्या कथा मी दोन वाक्यांत आटोपतो, कारण मला त्यांचा कंटाळा आहे. मक्काबींच्या दुसऱ्या ग्रंथात खुद्द यिर्मयाने कोश मोशेच्या डोंगरातील गुहेत लपविल्याची आख्यायिका आहे, हबशी लोक तो अक्सूमला असल्याचे सांगतात, काही इंग्रजांनी 1899 ते 1902 या काळात आयर्लंडमधील तारा टेकडी त्यासाठी उकरली आणि पार्कर नावाच्या सरदारपुत्राला 1911 मध्ये यरुशलेमातून जीव घेऊन पळावे लागले.

कोशावाचून कसे जगायचे हे पाहायचे तर पुण्यास जावे. छावणीतील लाल देऊळ, म्हणजे यहुद्यांचे प्रार्थनामंदिर, डेव्हिड ससून यांनी बांधावयास घेतले, ते 1867 मध्ये पुरे झाले. ससून त्याआधीच, 1864 मध्ये, वारले आणि तिथेच त्यांची कबर आहे. रास्ता पेठेत मराठी बोलणाऱ्या बेने इस्राएल यहुद्यांचे स्वतंत्र प्रार्थनामंदिर आहे. यरुशलेमच्या दिशेच्या, म्हणजे पश्चिमेच्या, भिंतीत हेखाल नावाचे कपाट असते, त्यावर पडदा असतो, आणि आत तोऱ्हाच्या हस्तलिखित गुंडाळ्या असतात. पडदा सरल्यावर त्यांच्या मखमली आवरणांवरील रुपेरी घुंगरांचा बारीक आवाज मी ऐकला आहे. परमपवित्रस्थानात वर्षातून एकदा एकटा महायाजक जात असे; इथे गुंडाळी बाहेर काढून सगळ्यांसमक्ष वाचतात.

मग प्रकटीकरणाच्या अकराव्या अध्यायाअखेर स्वर्गातील मंदिर उघडते आणि कोश दिसतो, त्याचे काय? यिर्मया खोटा ठरला, असे मला एका प्रवचनकारांनी विजयी मुद्रेने ऐकविले होते. पण तो कोश कधी दिसतो ते पाहावे. यरीहोभोवती सात याजक सात कर्णे घेऊन कोशापुढे चालले आणि सातव्या दिवशी तट पडला. प्रकटीकरण लिहिणाऱ्या योहानाच्या दृष्टान्तात सातवा कर्णा वाजतो, जगाची राज्ये कोसळू लागतात आणि त्याच क्षणी विजा व गारांच्या वर्षावात कोश प्रकट होतो. ही यरीहोची खूण आहे, पेटी परत मिळाल्याची वर्दी नव्हे. कारण त्याच ग्रंथाच्या एकविसाव्या अध्यायात नवी नगरी उतरते तेव्हा तिच्यात मंदिरच नाही, मग कोश ठेवणार कोठे? योहान आणि यिर्मया एकाच गावाला पोहोचतात, वाटा तेवढ्या वेगळ्या. आमच्याकडे प्रकटीकरणावर प्रवचने होतात, त्यांत श्वापद आणि त्याचा 666 हा आकडा यांवर तासचे तास खर्ची पडतात. या कर्ण्यांच्या हिशेबाला मात्र कोणी पाच मिनिटे देत नाही, ही माझी जुनी तक्रार आहे.